नाव सांगायची जागा

१

लढाईमुळे साखर चिठ्ठीवर गेली, घासलेट दिसेनासं झालं, तरी मारोतरावांनी कधी कुरकुर केली नाही. पण वाशीमच्या बाजारात फोनोच्या सुया मिळेनाशा झाल्या, तेव्हा मात्र जेवता जेवता त्यांचा हात ताटातच थांबू लागला.

गावाबाहेर ओढ्याकाठी त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा माल सकाळी बाजारात घालायचा, दुपारी घरी येऊन पेटीवर बसायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. भजनाला, मेळ्याला, एखादी नाटक मंडळी आली तर पडद्याआड, पेटी त्यांचीच असे. पण पेटीहून जास्त जीव तबकड्यांवर. त्यातही जुन्या, एकाच बाजूला गाणं असलेल्या, बायांनी गायलेल्या विरहाच्या ठुमऱ्या. पोहरादेवीकडच्या तांड्यावरचा ढोलकीवाला बाबूसिंग त्यांचा या वेडातला जोडीदार. दोघांनी मिळून पेन्शनीत निघालेल्या कारकुनांची घरं पालथी घातली होती, अत्तरवाल्यांच्या पेट्या उपसल्या होत्या. वऱ्हाडच्या उन्हात तबकडी पापडासारखी वाकते, म्हणून मारोतराव त्या आतल्या खोलीत, रांजणामागच्या गार वाळूवर उभ्या करून ठेवत.

दर गाण्याला नवी सुई, हा नियम. झिजलेली सुई तबकडी खाते. सुयाच नाहीत म्हटल्यावर फोनो मुका झाला.

"बाभयीचा काटा लावून पाहा," बाबूसिंग म्हणाला. "कारंज्यात एक जण लावते. आवाज बारीक येते, पण तबकडीले ओरखडा नाही पडत."

मारोतरावांनी बाभळीचे काटे तोडले, कापले, लावले. सगळे फुसके निघाले. मग एके दिवशी त्यांची बायको तुळसाबाई देवापुढची सहाण घेऊन उंबऱ्यात बसली आणि एक काटा त्यावर घासू लागली.

"अवं, चंदनाच्या सहाणेवर काटे घासते काय? देव काय म्हणन?"

"देवाले बी गाणं आवडते," ती मान वर न करता म्हणाली. "तुमी घासता तसा भाल्यासारखा नाही लागत तो. कलमाच्या बोरूसारखा तिरपा लागते. आन् तेलात रात्रभर ठेवा लागते. माणसाले सबूर नको?"

तिचा काटा लावला आणि बाई गाऊ लागली. लोखंडी सुईतून कधी ऐकू न आलेला तिचा श्वाससुद्धा आला. गाणं संपलं, थोडी जागा मोकळी गेली, आणि मग जुन्या तबकड्यांच्या शेवटी असतं तसं त्या बाईनं खणखणीत आवाजात आपलं नाव सांगितलं. तबकड्या तेव्हा परदेशात छापून येत. गाणं कुणाचं हे तिथल्या माणसाला कळावं, म्हणून शेवटी नाव सांगायची जागा सोडलेली असे.

तुळसाबाई दर वेळी पदर तोंडाला लावून हसायची. "कशी वं ही बाई! भर सभेत सोताचं नाव!"

"तू बी सांग एकडाव."

"माहं नाव कोनाले पायजे?"

"मंग माहं घे."

"इश्श! तुमचं आयुष्य कमी करू?" अंजनाच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नात सगळ्या बाया मागे लागल्या होत्या, उखाण्यातच घे म्हणून. ही गोठ्यात जाऊन लपली, पण नाव घेतलं नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे तिच्या मनात खिळ्यासारखं होतं. मारोतरावांना ती हाक मारी ती एकच. "आयकलं काय?" आणि ते म्हणत, "काय वं?" संसाराची सगळी बोलणी याच दोन बोलांनी सुरू होत.

२

आश्विनात ताप आला आणि तुळसाबाई गेली. सवाष्ण म्हणून बायांनी तिच्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या. तिची मूठ उघडत नव्हती, म्हणून बांगड्या चढवायला वेळ लागला. मारोतरावांनी ते पाहिलं आणि मग पुढे बरेच महिने काही पाहिलंच नाही.

सहाण देवापुढे परत गेली. तिच्याजवळ, तपकिरीच्या जुन्या डब्यात, तेल प्यायलेले काटे तसेच राहिले.

पौषात बाबूसिंग आला. काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. दारातूनच म्हणाला, "मेडशीले एका घरी ही पान्याच्या माठावर झाकन म्हनून ठेवेल होती. म्हनलं, बाई, हे झाकन मले दे, मी तुले लाकडाचं घडवून देतो. ती म्हने, बावा, येडा हाये का तू?"

तबकडीवर माठाच्या कडेचा एक गोल ओरखडा होता. कागदावरचं नाव अर्धं गेलं होतं, उरलेलं लागत होतं ते 'काल्पीवाली' एवढंच.

"तू वाजव. माह्यानं नाही होत," मारोतराव म्हणाले.

"माह्यानं बी नाही होत. पन वहिनीनं एवढे काटे करून ठेवले, ते काय किडायले?"

मग दोघे आतल्या खोलीत बसले. मारोतरावांनी डबा उघडला. तिळाच्या तेलाचा आणि चंदनाचा मिळून एक वास आला, आणि ते क्षणभर तसेच थांबले. मग काटा बसवला, चावी भरली.

भैरवी होती. माठाचा ओरखडा दर फेऱ्याला टक् करत होता, जणू कुणी ठेका धरलाय. काल्पीवाली बाई कुणाच्या तरी न येण्याबद्दल गात राहिली. गाणं संपलं. "रौशनबाई, काल्पीवाली!" तिनं नाव सांगितलं.

आणि नाव सांगून झाल्यावर, तबकडी नुसती खरखरत असताना, भोंग्यातून बांगड्या वाजल्या.

काचेच्या होत्या. पुष्कळ होत्या. मग लाकडी झाकण ठेवल्याचा आवाज आला. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा, हलका.

बाबूसिंगनं मान वळवून रांजणाकडे पाहिलं. रांजणावरचं झाकण मधोमध तडकलेलं होतं. ठेवलं की ते असंच दोनदा वाजे.

झाकण हललेलं नव्हतं. आवाज त्यांच्या पाठीमागून आला नव्हता, समोरून आला होता.

३

मारोतराव सातवी झालेले होते. पेटीच्या भात्यातून हवा कुठं गळते ते कानानं शोधणारा माणूस. भुताखेतावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि या गोष्टीतही तो त्यांनी सहजासहजी बसू दिला नाही.

गाणाऱ्या बाईच्याच बांगड्या असतील, त्यांनी स्वतःला सांगितलं. तिच्याही घरी रांजण असेल. काटा बारीक आवाज उचलतो, हे तर माहीतच आहे.

पण त्यांनी दुसरी तबकडी लावली, मग तिसरी. वर्षानुवर्षं ऐकलेल्या, तळहातासारख्या ओळखीच्या. दर तबकडीच्या शेवटी, नाव सांगून झाल्यावर, त्याच बांगड्या.

बाबूसिंगनं लपवून ठेवलेल्या चार लोखंडी सुया काढल्या. त्यांनी काही आलं नाही. त्यानं स्वतः कापलेला काटा लावला. काही नाही. तुळसाबाईचा वापरलेला काटा मारोतरावांनी पुन्हा त्याच सहाणेवर, त्याच तिरपेपणानं घासून लावला. गाणं सुरेख आलं, पण शेवटी नुसती खरखर. तिच्या हातचं टोक एकदा झिजलं की झिजलं.

बाबूसिंग तांड्यावर गेल्यावर मारोतराव रोज दुपारी एकटे बसू लागले. मळ्यातून येत, हातपाय धूत, आतल्या खोलीचं दार लोटून घेत. सामसूम वेळ. बाहेर कुत्रंसुद्धा हालत नसे. गाणं आता ते ऐकतच नव्हते. ज्या बायांसाठी एवढी वणवण केली, त्यांचं गाणं संपायची वाट पाहत बसत.

आणि वाट पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं. पहिल्या दिवशी बांगड्या लांब वाजल्या होत्या, घराच्या दुसऱ्या टोकाला असाव्यात तशा. आता त्या खोलीतल्या खोलीत वाजत होत्या. मग सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पावलं आली. ती चालता चालता थांबत. डावा पाय किंचित ओढत येत.

तुळसाबाईचा डावा गुडघा पावसाळ्यापासून दुखत होता.

त्या दिवशी मारोतराव भोंग्यावर कपाळ टेकवून रडले. भीती वाटली का, तर वाटली. पण त्याहून जास्त त्यांना वाटलं ते हे, की गुडघ्याला लावायचं औषध आणतो म्हणून आपण आणलंच नाही.

४

माघात बाबूसिंग पुन्हा आला, तेव्हा मारोतरावांच्या गालांची हाडं वर आली होती आणि मळ्यातली मेथी फुलावर गेली होती.

"भाजी काहून नाही काढली?"

"काढीन."

"जेवला काय?"

"आधी बस. आयक."

त्यांनी काल्पीवालीच लावली. बाबूसिंग मांडीवर हात ठेवून बसला. बाईनं आपलं नाव सांगितलं. पावलं आली, भोंग्याच्या अगदी तोंडाशी येऊन थांबली. बांगड्या एकदा वाजून गप्प झाल्या. आणि मग कुणीतरी श्वास आत घेतला. गाणारा किंवा बोलणारा माणूस सुरुवातीला घेतो तसा, भरून.

तबकडी संपली.

बाबूसिंगच्या कपाळावर घाम होता. पागोट्याच्या शेवानं पुसत तो म्हणाला, "मारोतभाऊ, हे आता बंद कर."

"काहून? बोलून राह्यली ती. पुढच्या डावाले बोलते."

"काय बोलते?"

मारोतराव तबकडी फडक्यानं पुसू लागले.

"तू तबकड्यांतला माणूस हायेस. त्या जागेवर काय बोलते माणूस? नाव बोलते. दुसरं काय बोलाची ती जागाच नाही."

"मंग सांगन तिचं नाव."

"सोताचं नाव जन्मात सांगतलं का वहिनीनं कोनाले?" बाबूसिंगचा आवाज खाली आला. "एकच नाव होतं तिच्या तोंडात. ते तिनं जन्मभर पोटात ठेवलं. कायच्यासाठी, ते तुले ठाव हाये."

"तू बी बायायसारखं बोलतं लेका! नाव घेतल्यानं कोनी मरते काय?"

"मले नाही ठाव. पन तिले ठाव होतं. तरी श्वास घेऊन राह्यली."

रांजणाजवळच्या ओल्या वाळूवर चिमणी येऊन बसली होती. दोघेही तिच्याकडे पाहत राहिले.

"ते काटे मले दे," बाबूसिंग म्हणाला. "मी पाण्यात सोडतो. अंजना येऊन राह्यली बायतपनाले. तिले माय नाही. बाप तरी ठेव."

"हात नको लावू डब्याले."

"मी वहिनीच्या हातचं किती डाव जेवलो. मले काय आनंद वाटून राह्यला काय?"

"मंग जाय न तू! तुले काय समजते? तुह्या तांड्यावर तुही बायको हाये!"

हे शब्द तोंडातून गेल्यावर मारोतरावांना ते परत घ्यावेसे वाटले. बाबूसिंगनं पागोटं नीट केलं, ढोलकी उचलली. उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाला, "पोरगी आली की सांगावा धाडजो. गाडी घेऊन येतो, दवाखान्यात न्या लागली तर."

५

अंजना फाल्गुन लागल्यावर येणार असा निरोप आला. पहिलंच बाळंतपण. शेजारची रंगूबाई येऊन मारोतरावांना कामं सांगून गेली. आतली खोली सारवून घ्या, खाट टाका, ते गाण्याचं खटलं तिथून हलवा, पोरीले निवांत लागते.

मारोतरावांनी खोली सारवली, जाळी झाडली. फोनोचा पितळी भोंगा आश्विनापासून काळा पडला होता. तुळसाबाई तो चिंचेनं घासून लख्ख ठेवायची. त्यांनी चिंच भिजवली आणि स्वतः घासला. घासता घासता त्यात आपला चेहरा लांबोडका दिसू लागला, तेव्हा हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

डब्यात एकच काटा उरला होता.

त्यांनी मनाशी नीट विचार केला. बाबूसिंग म्हणतो ते खोटं आहे. आणि समजा खरं असलं? पंचावन्नाव्या वर्षी माणूस मेला तर फार काय झालं? तिचा आवाज ऐकायला मिळेल. आपलं नाव तिच्या तोंडून कसं वाटत असेल, हे त्यांना एवढ्या संसारात कधी कळलं नव्हतं. 'मारोत' म्हणेल, की 'मारोतराव'? लहान मुलासारखी त्यांना त्याची उत्सुकता लागली होती.

मग अंजनाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. सासरी जाताना ती आईच्या गळ्यात पडली होती, बापाच्या नाही. बापाला फक्त म्हणाली होती, "बाबा, आईले तरास नका देऊ."

काटा त्यांनी डब्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी काढला. पुन्हा ठेवला. अंजना यायच्या आधल्या दुपारी मात्र त्यांनी दार लोटलं आणि काटा बसवला. उद्यापासून या खोलीत खाट असेल, मग हे होणार नाही. आजच.

६

काल्पीवाली गात होती. ओरखडा टक् टक् करत होता. मारोतराव भोंग्यासमोर मांडी घालून बसले होते, पाठ रांजणाकडे. घासलेल्या भोंग्याच्या तोंडात त्यांची सगळी खोली गोल होऊन बसली होती. सारवलेली जमीन, देवाचा कोनाडा, रांजण, सगळं लहान आणि वाकडं.

"रौशनबाई, काल्पीवाली!"

खरखर. पावलं. आज ती लवकर आली, डावा पाय ओढत, आणि तोंडाशी थांबली. भोंग्यातून येणाऱ्या गार हवेनं त्यांच्या मिशीचे केस हलले. चंदनाचा वास आला.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. त्यामुळे त्यांना दिसलं.

पितळेत, त्यांच्या वाकड्या खांद्यामागं, देवाच्या कोनाड्याखाली कुणीतरी बसलं होतं. खाली मान घालून. कोपरापर्यंत हिरवं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. हात मात्र पुढे-मागे, पुढे-मागे हलत होते.

"आयकलं काय?"

आवाज भोंग्यातून आला. तसाच, थोडा कंटाळलेला, थोडा हसरा.

"काय वं?" मारोतराव म्हणाले. जन्मभराची सवय. त्यांना काही विचार करायला वेळच मिळाला नाही.

आणि भोंग्यात कुणीतरी श्वास घेतला. भरून.

"बाबा!"

अंगणातून हाक आली. बैलांच्या घुंगरांचा आवाज, कुणीतरी कासरा ओढल्याचा. "बाबा, घरी हाये काय? एक दिस आधीच निंगालो आमी!"

दोन्ही बाजूंना दोघी होत्या. एकीचा श्वास भरलेला होता, अजून शब्द झाला नव्हता. तबकडीचे थोडेसे फेरे उरले होते. मारोतरावांना तेवढंच ऐकायचं होतं, एवढंच, आणि त्यांचा हात त्यांच्या आधी पुढे गेला. त्यांनी फोनोची मान धरून उचलली.

श्वास तुटला. तबकडी मुक्यानं फिरत राहिली.

"हाव बाई, आलो, आलो," ते म्हणाले. पाठीमागं न पाहता, भिंतीला धरून धरून, ते दारापर्यंत गेले.

७

अंजनाला मुलगी झाली. बाबूसिंग गाडी घेऊन आला होता, पण दवाखान्याची गरज पडली नाही. तो परत निघाला तेव्हा मारोतरावांनी फोनो, भोंगा, रांजणामागच्या सगळ्या तबकड्या त्याच्या गाडीत चढवल्या.

"सगया?"

"सगया. तू वाजव. लोखंडी सुईनं वाजव."

बाबूसिंगनं गाडीवर कडबा पसरून तबकड्या उन्हाच्या आड केल्या आणि मग मारोतरावांच्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

"त्या दिवशी मी बोललो ते..." मारोतराव म्हणाले.

"कोन्या दिवशी? मले नाही आठवत," बाबूसिंग म्हणाला आणि बैलांना हाकलं.

घर रिकामं वाटलं, आणि तरी बरं वाटलं. पाळणा हलत होता, शेक-शेगडीचा धूर होता, ओव्याचा वास होता. दुपारी मारोतराव बाहेरच्या खोलीत दोरी हातात धरून बसले. आत खाटेवर अंजना पडली होती.

"बाबा," ती आतून झोपेच्या सुरात म्हणाली, "आईच्या डब्यात काटे किती भरून हायेत जी. ताजे दिसतात. तेल बी ओलं हाये. तुमी केले काय?"

मारोतरावांच्या हातातली दोरी थांबली. शेवटचा काटा फोनोच्या तोंडात तसाच बसवलेला होता. तो फोनोबरोबर गेला होता. डबा त्यांनी स्वतः रिकामा पाहिला होता.

"हाव," ते म्हणाले. "मीच केले."

"फोनो तं देऊन टाकला न?"

"असू दे. नीज तू."

ती झोपली. तिचा श्वास संथ झाला, पाळण्यातला त्याहून बारीक. बाहेर ऊन भणभणत होतं. त्या शांततेत, आतल्या खोलीतून, देवाच्या कोनाड्याच्या बाजूनं, मारोतरावांना ते ऐकू आलं. सहाणेवर काहीतरी बारीक घासलं जात होतं. खस्. खस्. मधे थांबून टोक पाहिल्यासारखं, आणि पुन्हा खस्. घाई नव्हती. कसली घाई असणार? सबूर तर तिचीच होती.

पाळण्यातली नात चाळवली. तिनं डोळे उघडले आणि दाराकडे, आत, खालच्या बाजूला पाहून तोंड हलवलं, हसल्यासारखं.

घासण्याचा आवाज थांबला. बांगड्या वाजल्या.

मारोतराव दोरी सोडून उठले नाहीत. दाराकडे पाठ करून, नातीवर वाकून, अगदी हळू, तुळसाबाईला हाक मारायची, आणि हाकेमागून नाव घ्यायची, संधी मिळू नये म्हणून आपणच आधी, ते म्हणाले,

"काय वं?"